दुखण्यातली प्रार्थना

(दुपार. चष्म्याचं छोटं दुकान. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत म्हातारी आई, समोर चष्मेवाला. लेक अजून दाराशीच.)

आई: घसरतोय अजून. खाली बघितलं की थेट नाकाच्या शेंड्यावर.

चष्मेवाला: मान हलवू नका, मावशी. डावी काडी किंचित वाकवतो. थिएटरात कुणाचा तरी पाय पडला तिच्यावर, म्हणून हट्टाला पेटलीय.

आई: काडीचं राहू दे. तुझ्या गळ्यावरचा ओरखडा कसा आहे? तो मला चष्म्याशिवायही दिसतोय.

चष्मेवाला: सुकला. दाढी करताना तेवढा झोंबतो.

आई: ऐकलंस का गं? आत ये. दाराला टेकून उभं राहायला तू काय वर्गाबाहेर काढलेली पोर आहेस?

लेक: आले. दादा, मला एकदा बोलून टाकू द्या. त्या सिनेमाला चार दिवस झाले.

चष्मेवाला: जाऊ द्या ना, ताई. झालं ते झालं.

आई: बोलू दे. वाटेत तीनदा म्हणाली, परत फिरू.

लेक: मी औषधांच्या दुकानात काम करते. चक्कर येणारं माणूस मला काउंटरच्या अलीकडूनच ओळखता येतं. आणि माझी स्वतःची आई माझ्या शेजारी बेशुद्ध पडली, ते मला कळलं नाही. कारण मी उभी होते. पडद्यावर आमच्या संतांच्या पाठीवर चाबूक पडत होता आणि मी उभी राहून ओरडत होते. सगळं थिएटर ओरडत होतं.

चष्मेवाला: ऐकलं मी.

लेक: काय ऐकलंत?

चष्मेवाला: मी मावशींच्या पलीकडच्या खुर्चीत होतो, ताई.

लेक: म्हणजे "यांच्यातला एकेक शोधून मारा"... तेही?

चष्मेवाला: तेही.

लेक: ती मीच.

आई: मला नाही ऐकू आलं. मी डोळे गच्च मिटले होते, पण चाबूक पोटात वाजत होता. एवढा आवाज कशाला करतात मेले? संत होते ते. ढोल नव्हते.

लेक: वळून बघते तर आईची खुर्ची रिकामी. धावत बाहेर आले. आई बाकावर आडवी आणि तुम्ही तिचे तळवे चोळत काहीतरी पुटपुटताय. ते शब्द कानावर आले आणि माझं डोकंच फिरलं. सिनेमातला तो चाबूकवाला प्रत्येक फटक्याआधी तेच म्हणत होता. अगदी तेच. मी किंचाळले, "बघा, याने माझ्या आईला काय केलं!"

चष्मेवाला: हं.

लेक: पंधरा-वीस जण धावून आले. माझ्या हाकेला आले, दादा.

चष्मेवाला: ती आमची दुखण्यातली प्रार्थना आहे, ताई. आम्हा भावंडांना ताप आला की आजी कपाळावर हात ठेवून म्हणायची. उतरेपर्यंत. खरं सांगायचं तर मला दुसरी येतच नाही. पडद्यावर त्याच्या तोंडी ती ऐकली, तेव्हा आजीची काठी चोरून नेऊन कुणी त्याच काठीने माणूस मारावा, तसं वाटलं मला.

आई: मग उठून गेला का नाहीस?

चष्मेवाला: निघालोच होतो. तेवढ्यात तुमचं डोकं माझ्या खांद्यावर आलं.

आई: वा! म्हणजे मीच अडवलं तुला.

चष्मेवाला: अडवलंत आणि वाचवलंतही. आभार मी मानायला हवेत. एकाने कॉलर धरली होती, दुसऱ्याने हात उगारला होता. तुम्ही डोळे उघडून म्हणालात, "सोडा त्याला, माझा मुलगा आहे तो."

आई: देवाचा सिनेमा बघायला गेले आणि खोटं बोलून आले. पण तुझं पुटपुटणं लांबून ऐकू येत होतं मला. एक शब्द कळला नाही. एवढंच कळलं, की कुणीतरी माझ्यासाठी मागतंय. तसं मागणाऱ्याला मार खाऊ द्यायचा?

लेक: मग त्यातल्या एकाने मला विचारलं, "ताई, हा भाऊ आहे का तुमचा?" आणि मी गप्प राहिले.

चष्मेवाला: "हो" म्हणालात की.

लेक: उशिरा म्हणाले.

चष्मेवाला: म्हणालात. मी धडधाकट घरी पोचलो. उशिराचं म्हणाल, तर उशीर माझाही झाला. मावशींचं डोकं खांद्यावर आलं, तेव्हा मी आधी आजूबाजूला पाहिलं. हात लावू की नको? कुणी काही म्हणेल का? तेवढ्यात त्या खाली घसरल्या. नाहीतर हा चष्मा फुटलाच नसता.

लेक: आणि एवढं होऊनही तुम्ही परत आत जाऊन त्याचे तुकडे गोळा करून आणलेत. मला वाटलं, आता शिव्या देणार. तर म्हणालात, "दुकानाचा पत्ता लिहून घ्या, परवापर्यंत करून ठेवतो." मी नीट थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. आज म्हणते. आईसाठी. आणि माझ्या तोंडून जे निघालं, त्याची माफी मागते.

चष्मेवाला: पोचलं, ताई. दोन्ही पोचलं.

आई: पण तू गेलास कशाला तिथे? तुमच्याच लोकांना राक्षस दाखवलंय, हे काय ठाऊक नव्हतं?

चष्मेवाला: मुलीसाठी. सातवीत आहे. तो सिनेमा लागला आणि तिची बाकावरची मैत्रीण दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. मुलीने मला विचारलं, "बाबा, आपण खरंच असे होतो?" मी म्हटलं, आधी बघून येतो, मग सांगतो.

आई: काय सांगितलंस?

चष्मेवाला: अजून काही नाही. "नाही" म्हणता येत नाही. मारणारे आमचेच होते, हे इतिहासातही आहे. आणि "हो" म्हणवत नाही.

आई: त्या पहारेकऱ्याचं सांग.

चष्मेवाला: कुठला पहारेकरी? सिनेमात नव्हता.

आई: तेच तर! माझी आई सांगायची त्या गोष्टीत फटक्यांची एक ओळ होती. पुढची सगळी गोष्ट पहारेकऱ्याची. तो तुमच्यातलाच. कोठडीत शिरून त्याने संतांच्या पाठीला तेल लावलं. बिचाऱ्याची चाकरी गेली, गाव सोडावं लागलं. तीन तासांच्या सिनेमात त्याला दोन मिनिटं दिली नाहीत.

लेक: आई, हे मला कधी सांगितलं नाहीस.

आई: पन्नासदा सांगितलं. तू दरवेळी विचारायचीस, "फटके किती मारले?" आकडा कळला की झोपायचीस.

चष्मेवाला: आमच्या घरात हे कुणालाच माहीत नाही, मावशी. कुणीच सांगितलं नाही.

आई: आमच्याकडचं आहे ना, तुमच्यापर्यंत यायचं कसं? आम्हीच आणून द्यायला हवं होतं. मारणारे तुमचे, हे खरंच सांग पोरीला. लपवू नकोस. आणि तेल लावणाराही तुमचाच, हेही सांग.

चष्मेवाला: तुम्ही सांगाल? मी सांगितलं तर तिला वाटेल, बाप समजूत घालतोय.

आई: कधी येते ती?

चष्मेवाला: साडेचारला. शाळेतून थेट इथेच येते, त्या टेबलावर गृहपाठ करते.

आई: मग बसतो आम्ही. काय गं, तुला कामावर जायचंय का?

लेक: फोन करून सांगते त्यांना. पण आई, तुझी गोष्ट नंतर.

आई: का?

लेक: थिएटरात मी काय ओरडले, ते तिला आधी कळू दे. ते मीच सांगते.