रक्तात आधी कळतं

पंच्याण्णव सालचा उन्हाळा. विश्रामबागेतल्या हृदयाच्या दवाखान्यात माया वडिलांसोबत बसली होती. त्यांचं रक्त सकाळीच तपासायला काढून नेलं होतं. शेजारी वडूजकडची दोघं बहीणभावंडं होती. भाऊ, यल्लाप्पा, दम खात खात बोलत होता.

"आक्का, दुखणं काळजाचं, मग रक्त काडून किडनी कशाला बघत्यात?"

"काळीज दमलं की किडनीबी दमती म्हणं. रक्तात आधी कळतं."

"मला लघवीला नीट होतंय."

"आपल्या दादालाबी होत हुतं रं. कळलं तवा वेळ गेली हुती."

"हितं दादाचं नाव काडू नगंस."

"बरं, न्हाई काडत."

"डॉक्टरांकडं तू जा. मला न्हाई ऐकायचं."

आक्काताई आत गेली. यल्लाप्पा दाराकडं पाठ करून बसला. वडिलांचा रिपोर्टही अजून यायचा होता; मायाही त्यांच्याकडं बघेना.

आक्काताई बाहेर आली.

"काय म्हणले?"

"रक्तात क्रिएटिनिन वाढलंय, म्हंजी किडनी दमाय लागलीया. पण लवकर घावलं. गोळ्या बदलल्यात. आठ दिसांनी परत रक्त."

"आन् परत वाढलं तर?"

"तवाबी मी हायच की. ऊठ, हात धर माझा."

"आक्का, तुझाच हात लय गार पडलाय."