चौकात अडकलेली गाडी

आम्रपाली चाकणच्या कारखान्यात डिस्पॅच सांभाळायची. पुनावळ्यातल्या दातांच्या दवाखान्यात तिच्या शेजारी काका-पुतण्या येऊन बसले. काकांचा गाल सुजलेला, तरी तोंडाला विश्रांती नव्हती. कारखान्यांचा माल बंदरात नेऊन बोटीवर चढवायचा, हा त्यांचा धंदा. आता तो ऑनलाइन न्यायचा होता आणि पुतण्या मोबाइलवर एकेक प्लॅटफॉर्म दाखवत होता.

“काका, हा बघा. गिऱ्हाइकाला घरबसल्या दिसतं, माल कुठं पोचलाय ते.”

“दिसतं म्हंजी?”

“नकाशावर. गाडी हलली की ठिपका हलतो.”

“आन् न्हाई हलली तर?”

“तर ठिपकाही जागेवरच.”

“वा रं हुशार! इतकी वर्सं आमी सांगतोय, गाडी निघालीय, तळेगाव चौकात अडकलीय. कुनी नकाशा मागितला न्हाई. त्या चौकानं आपलं घर बांधलं, दिग्विजय.”

“आणि गाडी असते कुठं?”

“आपल्या दारात, चिंचेखाली. अर्धी भरलेली. दुसऱ्याचा माल आल्याबिगर निघाया परवडतं व्हय?”

“मग हा दुसरा घ्या. यात ठिपका नाही. नुसतं ‘माल वाटेत आहे’ असं दिसतं.”

“कुठवर?”

“आपण बदलेपर्यंत.”

“ह्योच घे. लई सुधारलंय जग!”

आम्रपाली गोड हसली.

“काका, तो पहिला कुठला हो? ठिपक्याचा?”

“तुमाला कशाला, ताई?”

“आमचा माल सोमवारपासून तळेगाव चौकातच आहे.”