मुक्ताबाईच्या नावाचं पान

(पिंपळीतलं गेणबाचं घर. पितृपंधरवड्यातली अविधवा नवमी, भर दुपार; गेणबाची वारलेली बायको मुक्ताबाई हिच्या नावानं सवाष्ण जेवायला बोलावलेली. सोप्यात पाटावर शेजारची शिक्षिका माधवी बसलेली, समोर केळीच्या पानावर सगळं वाढलेलं. गेणबाची थोरली बहीण प्रयागबाई हातात पळी घेऊन उभी. गेणबा खांबाला टेकून बसलेला.)

प्रयागबाई: मग पाय कशाला धुऊन घेतलंस? दारातच सांगायचं हुतंस, मी जेवनार न्हाय म्हनून.

माधवी: जेवणार नाही असं कुठं म्हणाले मी, आत्या? शिजवलेलं खात नाही, एवढंच म्हणाले. गेणबाआबा आवतण द्यायला आले तेव्हाच त्यांना सांगितलं होतं.

प्रयागबाई: पहाटंपासनं चुलीम्होरं हाय मी. खीर केली, वडं केलं, कढी, गवार, भोपळा, सगळं केलं. आन हिला त्यातलं एक चालंना. गेणबा, सबंद पिंपळीत तुला दुसरी सवाष्ण गावली न्हाय?

गेणबा: गावल्या असत्या की. मला हीच पायजे हुती.

प्रयागबाई: आन मला सांगायचं न्हाय. मी आत वडं तळतीया, हिकडं तुज्या सुनंनं, राजनंदिनीनं, हिचं पाय धुतलं, कुंकू लावलं, पाटावर बसीवली. भाईर येऊन बघती तर ही.

गेणबा: सांगितलं असतं तर तू बसू दिली असतीस का?

प्रयागबाई: उंबऱ्याच्या आत पाय ठिवू दिला नसता.

गेणबा: म्हनून न्हाय सांगितलं.

प्रयागबाई: पाय धुतलेली सवाष्ण उपाशी उठवता येत न्हाय, म्हनून हात बांधल्यात माजं. न्हायतर बकोट धरून भाईर काढली असती. आगं, मुक्ता कुंकू लावून गेली. तिच्या नावानं बसलीयास तू. तू घास घेतला न्हायस तर ती उपाशी ऱ्हानार. कळतंय का तुला? का शाळंत हे शिकवत न्हाईत?

माधवी: कळतं. म्हणूनच आले. नाहीतर तुम्ही माझ्याबद्दल इंदापूरपासून माळेगावपर्यंत जे सांगत फिरलात, त्याच्यानंतर या घरात पाणीसुद्धा प्यायला नको होतं मी.

प्रयागबाई: काय खोटं सांगितलं मी?

माधवी: माझ्या तोंडून कशाला वदवून घेताय?

प्रयागबाई: मीच बोलती. भीती हाय का मला कुनाची? मुक्ताच्या घशाला गाठ झाली. दवाखान्यात न्हेली, आनली. आन ही शेजारीन रोज सकाळी गिलास घिऊन हजर. गाजराचा रस म्हनं, काकडीचा रस म्हनं. भाकरी सुटली तिची. माजी भावजय, खुरपायला लागली तर गड्याला मागं टाकायची, ती वाळून खारीक झाली. हिनं पालापाचोळा पाजून मारली तिला. हे बोलले, आन आजबी बोलती.

माधवी: भाकरी मी सोडवली नाही. भाकरी गिळता येत नव्हती त्यांना.

प्रयागबाई: तुज्यासारखं कच्चं खायाला लावलंस की तिला.

माधवी: मी कुणाला काही खायला लावत नाही. माझ्या घरात रोज भाकरी होते, कालवण होतं, रविवारी मटण होतं. ते मीच शिजवते. आमचे हे, रविराज, तोच डबा घेऊन कारखान्यावर जातात, त्यांना विचारा. खात नाही ती मी एकटी.

प्रयागबाई: शिजवून वाढायचं आन आपुन काकड्या चावत बसायचं. ह्यो कसला आजार म्हनायचा? गुरं खात्यात कच्चं. मानसाला विस्तू कशापायी दिला देवानं?

माधवी: माझं डोकं उठायचं आत्या. महिन्यातून चार-पाच वेळा अंधार करून पडून राहायचे. शाळा अर्ध्यात सोडून घरी यावं लागायचं. हे सुरू केलं आणि ते थांबलं. यानंच थांबलं का, ते मला सांगता यायचं नाही. डॉक्टरही तसंच म्हणाले. पण थांबलं. माझं डोकं थांबलं, त्यात तुमचं काय गेलं?

प्रयागबाई: आन सलायन लावली हुती ती? तवा कुठं गेलं हुतं श्यानपन? घेवड्याला मोड आनून कच्चा खाल्लास आन वकून वकून बारामतीला न्ह्यावी लागली. सगळी पिंपळी हसली.

माधवी: हसले. कच्चा घेवडा खायचा नसतो हे मला माहीत नव्हतं. चूक झाली माझी, मी ती लपवली नाही. पोटात कळ आल्यावर दवाखान्यात गेले, घरात पाला चघळत बसले नाही. मुक्ताकाकींनाही कधी गोळ्या बंद करा म्हणाले नाही. आबांना विचारा.

गेणबा: न्हाय म्हनली कवा. गोळी आदी, मग रस. हीच कुटून द्यायची गोळी.

प्रयागबाई: तू गप. बायकू गेल्यापासनं तुला कुनीबी कायबी पटवावं. हिनं काय मंतर घातलाय कुनाला म्हाईत.

माधवी: आत्या, मला बोला. आबांना नका.

प्रयागबाई: तुलाच बोलती. ऊठ म्हनता येत न्हाय, म्हनून सांगती. पानातला एक घास घे. खिरीचं बोट लाव जिभंला, मग मोकळी. जा, खा तुजा पाला.

माधवी: आज बोट लावलं की उद्या तुम्हीच म्हणणार, बघा, ढोंग होतं हिचं. आणि नाही लावलं तर म्हणणार, काकीला जिवंतपणी मारली आणि मेल्यावर उपाशी ठेवली. दोन्हीकडून मीच ना? या पाटावरून मी अशीच उठले तर या गावात मला तोंड वर करून चालता येणार नाही, हे कळतंय मला. तरी मी तुमच्या धाकानं घास घेणार नाही.

प्रयागबाई: बघितलास ताठा? माज्या हातच्या अन्नाला नाक मुरडती. आगं, मुक्ता कसली मानूस हुती. मरायला टेकली हुती तरी माज्या हातचं टाकलं न्हाय तिनं. इंदापुरासनं यस्टीनं शिरा घिऊन आले हुते मी, साजूक तुपातला. तुज्या त्या गिलासानं तिला भूक न्हवती का काय, पर माजा शिरा बघितला आन हसली. डबा संपिवला सगळा. मोकळा डबा घिऊन गेले मी माघारी. श्येवटचं अन्न तिच्या पोटात गेलं ते माज्या हातचं, तुज्या हातचं पानी न्हवं. हे मी मरस्तवर सांगनार.

गेणबा: आक्का.

प्रयागबाई: आता काय?

माधवी: आबा, नको.

गेणबा: नको काय? ऐकून ऐकून कान किटलं माजं. वरीस झालं ऐकतुया. हिला शिव्या देती आन वर त्यो शिरा.

माधवी: काकींनी शपथ घातलीय तुम्हाला.

गेणबा: शपथ घालनारीच गेली. आन तिच्या पाटावर बसवून तुला हितं असं बोलल्यालं तिला चाललं असतं का?

प्रयागबाई: कसली शपथ? काय बोलताय दोघं?

गेणबा: त्यो शिरा तिनं खाल्ला न्हवता, आक्का.

प्रयागबाई: खोटं. माज्या डोळ्यादेकत घास घेतला तिनं.

गेणबा: घेतला. तोंडात धरून बसली. तू मिसरी लावायला परसात गेलीस तवा पदरात काढला. थुकीसुदीक गिळवत न्हवती तिला, शिरा कुठनं गिळंल? मला म्हनली, आक्का यवडी लांबनं आलीया, डबा मोकळा करा. मी तांबड्या गायीम्होरं वतला.

प्रयागबाई: तू हिच्यासाठी खोटं बोलतुयास.

गेणबा: यालची लई घातली हुतीस तू. दोन दिस गोठ्यात वास हुता.

प्रयागबाई: (पळी खाली ठेवते.) आन मला का न्हाय सांगितलं?

गेणबा: म्हनली, आक्काला कळू दिऊ नगा. माज्या हातचं ग्वाड लागलं न्हाय म्हनून रडंल. मग डबा इसळून, पुसून, तुज्या पिशवीत तिनंच ठिवला. उठवत न्हवतं, तरी उठली.

प्रयागबाई: आन ह्या बयेला ठावं हुतं?

माधवी: हो.

प्रयागबाई: वरीसभर?

माधवी: हो.

प्रयागबाई: मी तुला मारेकरीन म्हनत हुते. संक्रांतीला तुमच्या गल्लीतल्या प्रमोदिनीच्या हळदीकुंकवात, धा बायकांत म्हनले. तू तितंच बसली हुतीस.

माधवी: बसले होते. तीळगूळ न घेता उठले.

प्रयागबाई: मग तोंड शिवलं हुतं का तुजं? म्हनायचं हुतंस, म्हातारे, तुजा शिरा गायीनं खाल्ला.

माधवी: जिभेवर आलं होतं. खूप राग आला होता मला, आत्या, आत्तासुद्धा आहे. पण काकींनी तुमच्यासाठी जे झाकलं ते मी चारचौघीत उघडं करणार नव्हते. तुमच्यासाठी नाही. त्यांच्यासाठी.

प्रयागबाई: सगळ्यांनी मिळून खुळ्यात काढलं मला.

गेणबा: कुनी न्हाय काढलं. तिला तुजं मन मोडायचं न्हवतं.

प्रयागबाई: मी सगळ्या इंदापुरात सांगत फिरले. सोयऱ्याधायऱ्यांत सांगितलं. माजा शिरा, माजा शिरा.

माधवी: आत्या, खाली बसा. पाणी आणायला सांगू का राजनंदिनीला?

प्रयागबाई: नगं मला पानी. आन तू मला बस म्हनू नगंस. सर मागं.

माधवी: पाटावरून?

प्रयागबाई: पाटावरनं न्हाय. पानाम्होरनं सर. हे उचलती मी.

गेणबा: आक्का, वाढल्यालं पान सवाष्णीम्होरनं उचलत न्हाईत.

प्रयागबाई: मला शिकवू नगंस. ह्ये गायीला जाईल. तिनं आदीबी माज्या हातचं खाल्लंय, तिला चव ठावं हाय. गाजरं हायत का घरात?

गेणबा: सकाळी बारामतीच्या मंडईतनं आनल्यात. परातीखाली झाकून ठिवल्यात.

प्रयागबाई: झाकून. म्हंजी तुजा बेत ठरल्याला हुता आदीपासनं.

गेणबा: व्हय.

प्रयागबाई: हे बघ माधवी, तुजं मला पटलं असं समजू नगंस. खुळ्यागत खातीस तू. आजबी म्हनंन, उद्याबी म्हनंन.

माधवी: म्हणा की. मारलं म्हणू नका, एवढंच.

प्रयागबाई: किसायचं का कुटायचं?

माधवी: किसून घ्यायचं. मग धुतलेल्या फडक्यातून पिळायचं, दोनदा. चोथा राहिला तर काकींना ठसका लागायचा. मी करते, आत्या, किसणी द्या.

प्रयागबाई: तू बस. सवाष्ण हायस, उठायचं न्हाय. मी पिळती.

माधवी: बरं.

प्रयागबाई: लिंबू किती लागायचं तिला?