टाकीतली भांगलण

(शिवाजी पेठेतला फ्लॅट. समुद्री माशांच्या टाकीसमोर सासू आणि सून.)

तेजस्वी : पण आत्या, टाकीत खुरपं घालतं का कुणी?

आत्या : खुरपं न्हवतं गं. उलथनं हुतं, धुतल्यालं.

तेजस्वी : तेच ते. कशाला घातलं?

आत्या : दगडावर तण उगवल्यालं दिसलं, काढलं. मुरगुडात जलम गेला माझा ऊस भांगलण्यात. डोळ्याम्होरं तण हालालंय आन् मी नुसतं बघत बसू?

तेजस्वी : तण नाही ते, जीव आहे. आयप्टेशिया म्हणतात. दुकानातनं दगडाला चिकटून आला. तोडला की तुकड्यातुकड्यातनं नवा होतो. मागच्या महिन्यात चार होते. आता बघा.

आत्या : आगं आई. म्हंजे लव्हाळ्याचीच जात की ही.

तेजस्वी : आणि डंख मारतो. ते जांभळं प्रवाळ बघा कसं आखडलंय. तुमच्या लेकानं बायकोपेक्षा जास्त जपलंय त्याला.

आत्या : व्हय की. तुला ताप आलता तवा त्यो हितं पाण्यातलं मीठ तपासत हुता.

तेजस्वी : आता संध्याकाळी जयसिंगपूरहून येतील. त्याआधी काहीतरी करायला पाहिजे.

आत्या : फोनात बघ की, काय उपाय सांगत्यात?

तेजस्वी : एक कोळंबी असते, ती हे जीव खाते. पण मुंबईहून मागवावी लागेल.

आत्या : कोळंबी घरात आली तर मी तिचं कालवण करीन. दुसरं सांग.

तेजस्वी : दुसरं म्हणजे चुना. पंप बंद करायचा आणि सिरिंजनं एकेकाच्या तोंडावर दाट चुना सोडायचा. थांबा, खालच्या टपरीवरनं आणते.

आत्या : तू टपरीवर चुना मागणार? पेठंत बोंब हुईल, सून तंबाखू खाती म्हणून.

तेजस्वी : होऊ दे. घरात चुना कुठला?

आत्या : हाय.

तेजस्वी : कुठं?

आत्या : तांदळाच्या डब्यात. खाली डबी हाय बघ.

तेजस्वी : आत्या, गालाला जखम झाली म्हणून डॉक्टरांनी तंबाखू बंद केली होती ना? ह्यांनी तर स्वतःची शपथ घातली तुम्हाला.

आत्या : घातली की. पाळली बी थोडं दिस. पन दिवसभर करू काय हितं? शेत न्हाय, म्हस न्हाय. भांडी घासाय गेलो तर बाई येती म्हनतीस. एक टाकी गावली, तितं बी घाण केली. शपथ मोडली म्हणून अमरला कळलं तर माझं तोंड बघायचा न्हाय त्यो.

तेजस्वी : चुना राहू दे. तंबाखू कचऱ्यात टाकते.

आत्या : समदी?

तेजस्वी : सगळी.

आत्या : वाईच चिमूटभर... बरं, टाक. लवकर टाक, मन फिरायच्या आत.

तेजस्वी : टाकली. आता चुना भरते. पंप बंद केलाय. चुकला हो, दगडावरच पडला.

आत्या : सर बाजूला. तोंडावरच पडाय पायजे न्हवं? ह्यो बघ, मिटला. आन् ह्यो दगडामागं दडलाय. दडतोस व्हय रं? घे.

तेजस्वी : बास, बास. एकदम सगळे नाही, पाणी बिघडतं. रोज थोडे थोडे.

आत्या : रोज कोण करणार?

तेजस्वी : तुम्ही. माझा नेम बघितलात की.

आत्या : करीन की. मला काय दुसरं काम हाय? आन् ते प्रवाळ जगंल न्हवं?

तेजस्वी : जगेल. आत्या, दार वाजलं.

आत्या : डबी, तेजू. डबी उचल.

अमरसिंह : आई, टाकीपाशी काय करालीस? कुणी सांगितलं तुला हात घालायला?

तेजस्वी : मी. टाकीत कीड झालीय. आत्या रोज चुना सोडणार आहेत.

अमरसिंह : चुना? आणि ही डबी कुणाची?

तेजस्वी : माझी.