जोडीच्या खुर्चीचा अर्ज

विषय — फुटबॉल मैदानाच्या उत्तरेकडच्या स्टँडमधली माझी जुनी खुर्ची, धाकट्या भावाच्या शेजारची, परत मिळण्याबाबत. संदर्भ — माझाच अर्ज, आणि त्यामागोमाग धाडलेली माझीच स्मरणपत्रं. वरच स्वच्छ लिहिलंय, ताई, तुम्हाला शोधाशोध नको म्हणून. जन्म गेला माझा असे कागद हलवण्यात — म्हणजे न हलवण्यात म्हणा — तेव्हा कागद कुठं अडतो ते मला सांगू नका. बसू? ही खुर्ची तरी अर्जाशिवाय मिळते, बरं आहे. काय म्हणता? आधीच्या अर्जात मीच खांबाचं कारण दिलं होतं? दिलं होतं. ‘सदर खुर्चीवरून खांब आडवा येतो, सबब समोरच्या स्टँडमध्ये जागा मिळावी.’ आता येत नाही का खांब? येतो की! खांब म्हणजे काय मॅनेजर आहे, एका बैठकीत काढून टाकायला?

बघा, फोटो उतरवलात वाटतं मास्तरांचा, मॅनेजरपदावरून काढलं म्हणून लगेच. खिळा तेवढा राहिलाय. राहू द्या, नव्याला लागेल. आणि तुमच्या कपावर मात्र अजून मास्तर हसतायत — नाही नाही, झाकू नका, चहा प्या, माझं काही म्हणणं नाही. सगळं गावच रडतंय, तुम्ही एकट्या कशाला मागं राहाल? बाहेर फाटकापाशी हार घातलाय कोणीतरी. माणूस जिवंत आहे, घरी झोपा काढतोय, आणि यांनी हार घातला! मी त्यांना विचारलं, बाबांनो, कसली एवढी थोरवी? तर म्हणे, मोठमोठ्या क्लबांची बोलावणी आली, पण मास्तरांनी घर सोडलं नाही. अहो, घर न सोडणं ही काय कामगिरी झाली? आमच्या कार्यालयातलं लोखंडी कपाटसुद्धा तिथून कधी हललं नाही, त्याला कोणी हार घातला नाही. नोंद काय सांगते ते बघा ना. चषक? नाही. उपविजेते? एकदा, तेही हातातला सामना घालवून. बाकी सगळ्या बरोबऱ्या. बरोबरी झाली की आमचा धाकटा असा समाधानानं डबा उघडायचा, जसा काही लढाई मारून आला! मी म्हणायचो, अरे, गोल कुठाय? तर म्हणायचा, दादा, आपल्यावर तरी झाला का?

तो अंतिम सामना तुम्हाला आठवत असेल — नसेल? तेव्हा नव्हता तुम्ही इथं? मग ऐका. आपण एका गोलानं पुढं. वेळ संपत आलेला. आणि मास्तरांनी काय करावं — लंबूला बाहेर काढला! आमचा एकुलता एक गोल करणारा माणूस! आणि त्याच्या जागी कोण, तर आणखी एक बचाववाला. राखा म्हणे. राखलं कसलं — समोरच्यांनी बरोबरी साधली, आणि पेनल्ट्यांत आमचं तोंड काळं. तेव्हा मी बोललो. तोंडाला कुलूप लावून बसणारा माणूस नव्हे मी. म्हटलं, राखत बसणाऱ्यांचं हेच होतं. आयुष्यभर दार धरून बसायचं आणि त्यालाच पराक्रम म्हणायचं! यात मी मास्तरांचं नाव घेतलं होतं, ताई. धाकट्याचं घेतलं होतं का? नव्हतं. पण तो उठून उभा राहिला. डबा तसाच मांडीवरून खाली — आणि म्हणतो कसा, ‘तू कायम अंतिम सामन्यालाच येतोस, दादा.’ मी त्याला माझा हंगामी पास काढून दाखवला. पुरावा! सगळ्या हंगामाचा पास!

... नाही, कळलं होतं मला. एवढा काही मी ठोंब्या नाही. वडील त्याच महिन्यात गेले होते ना. अंथरुणाला खिळून होते किती तरी दिवस, धाकट्यापाशी, आणि मी माझ्या नोकरीवर, लांब. बदलीची नोकरी हो! बदली रद्द करून घेता येते, हे मला कोणी सांगितलं का? — म्हणजे सांगितलं, धाकट्यानंच पत्रात लिहिलं होतं, पण वरिष्ठांपुढं हात पसरायचे कुणी? ते जाऊ दे. मुद्दा मास्तरांच्या कामगिरीचा चाललाय. तुम्ही मला भलतीकडंच नेता.

सामन्याच्या दुसऱ्या दिवशी मी खांबाचा अर्ज दिला. आणि कमाल बघा, तो तुमच्या कार्यालयानं चुटकीसरशी मंजूर केला! माणसं तोडायचा कागद कसा सुरसुर पळतो, जोडायच्या कागदाला संधिवात. तिकडून काय सुंदर दिसतं मैदान! ऊन डोळ्यांवर येत नाही, खांब नाही, काही नाही. समोरच उत्तरेकडचा स्टँड. धाकटा तिसऱ्या रांगेत, डोक्याला वडिलांची मफलर — उन्हाळ्यातसुद्धा, वेडा कुठला. शेजारची जागा रिकामी. सामना सुरू झाला की तो डबा तिच्यावर ठेवतो. मागं कोणीतरी जाडा माणूस बसायला आला तर यानं हातवारे करून घालवला त्याला, मी डोळ्यांनी पाहिलं. गोल? त्या दिवशी झाला म्हणतात एक. मी... माझं लक्ष नव्हतं.

बरं, नव्या मॅनेजरचं काय? उपमास्तरांनाच बढती देणार, खरं का? तुम्हाला ठाऊक असेल, पण सांगणार नाही, बरोबर आहे. धाकट्याचं मत तेच असणार — घरातलाच माणूस, त्याला कोपरान् कोपरा माहीत. मी म्हणतो, बाहेरचा आणा. बाहेरच्याची नजर ताजी असते. पण बाहेरून कोणी आला की घरातल्यांना वाटतं, आला हा शहाणपणा शिकवायला, औषध कुठल्या बाटलीतलं द्यायचं ते आता हा सांगणार. — मैदानात कसली बाटली म्हणता? उदाहरण दिलं हो.

तर अर्ज. नियम मला पाठ आहे: जोडीची खुर्ची एकदा मोडली की परत जोडायला शेजारच्या पासधारकाची सही लागते. ती आली का, एवढंच विचारायला आलो. भावजयीनं निरोप दिला होता, भावोजी, मास्तरांबद्दल एक चांगला शब्द बोला, हे लगेच सही करतील. आता एक शब्द म्हणजे — बरं, खालच्या गटात संघ कधी जाऊ दिला नाही त्यांनी. झालं? बोललो की नाही? मोठ्या मनानं...

काय? धाकटा येऊन गेला? इथं, या खिडकीवर? पेन मागून घेतलं होतं? मग? — काय विचारलं त्यानं? ‘दादा मास्तरांविषयी काय म्हणतो?’ आणि तुम्ही...? मागल्या खेपेला मी जे बोललो ते सांगितलंत? कोणता शब्द? रखवालदार? ‘मास्तर कसला, रखवालदार’ — हे सांगितलंत त्याला? शब्दशः? अहो, ते मी फुटबॉलविषयी... तुम्ही तरी काय करणार, विचारलं म्हणून सांगितलंत. आणि त्यानं पेन परत ठेवलं. सही न करताच?

आणि आज आला तर काय सांगाल? मी आज... बराच वेळ बोलत होतो, नाही?

असू दे. नका शोधू आता कागद. मीच सांगतो शेरा काय मारायचा, माझ्या हाताखालून असे ढिगानं गेलेत. लिहा — अर्जदार समक्ष भेटले. शेजारील पासधारकाची संमती अप्राप्त. अर्ज प्रलंबित.

चहा निवला तुमचा. मागं रांग लागलीय, त्यांचं बघा.