आडवी पुरलेली नळी

आमी सर्वेला तेलगावला गेलतो ना, तवाची गंमत. काळ्या पाषाणाखाली गाळाचे जुने थर किती खोल हायेत ते बघायचं होतं. त्यासाठी जमिनीतले चुंबकीय बदल टिपणाऱ्या दोन लांब नळ्या कापसाच्या रानात पुरल्या, एक दक्षिणोत्तर, दुसरी पूर्व-पश्चिम. दोन्हींवर मातीचे लांबट ढीग केले. त्यांना धक्का लागला की मोजणी वाया.

सकाळी बघतो तर पंपाचे मेकॅनिक रशीदचाचा डोक्याला रुमाल बांधून ढिगांपुढं उभे.

"आमच्यात कबर दक्षिणोत्तरच असते, तशी ही बरोबर हाय," चाचा कडाडले, "पण त्या दुसऱ्याला आडवं कावून पुरलं बे?"

मी घाबरून सांगितलं, "चाचा, माणूस न्हाई, लई महागाचं यंत्र हाय."

चाचा जवळ सरकले. "मग गावात बोलू नको. यंत्र उकरून नेतील. कबरीला कुणी हात लावत न्हाई."