पाऊस म्हणजे होकार

तुमचे ते पासवर्ड राहू द्या. आमच्या बाबांनी घरच्या फोनचा बंदोबस्त ऐंशीच्या दशकातच केला होता. तेव्हा पांढुर्ण्याहून सौसरला बोलायचं तर पोस्टातला ऑपरेटर ट्रंक कॉल जोडून द्यायचा, आणि जोडल्यावर काही कान बंद करायचा नाही. ताईचं पहिलं स्थळ असंच गावभर झालं आणि मोडलं. दुसऱ्या वेळी बाबांनी गुप्त भाषा काढली आणि सौसरच्या मामाला पत्रानं कळवली. मुलगा म्हणजे बैल, नोकरी म्हणजे चारा, होकार म्हणजे पाऊस.

आठ दिवसांनी मामाचा फोन आला.

"भाऊजी, बैल पाहून आलो. धट्टाकट्टा आहे. चारा सरकारी आहे."

"आन् पाऊस?" बाबांनी विचारलं.

 मामा म्हणाला, "पाऊस मंजे काय ठरलं होतं जी? मी तं भुलूनच गेलो."

 सांगावं तर ऑपरेटर ऐकून राहिला, न सांगावं तर लग्न अडून राहिलं.

तेवढ्यात लाइनीवर तिसरा आवाज आला, अगदी अदबीनं. "पाऊस मंजे होकार, मामाजी. पोस्टकार्डावर शेवटल्या ओळीत होतं."

"हां, मंग पडला ना," मामा खूश होऊन म्हणाला. "चांगला धो धो पडला."

 शेवटी बाबा ऑपरेटरलाच म्हणाले, "साखरपुड्याला या."

"येतो जी," तो म्हणाला. "तारीख कळवायची गरज नाही."